हप्ता आणि हुद्दा

मी मॅट्रिक. गोदीत माल उचलतो. गोणी पाठीवर घ्यायच्या आधी हलवून बघतो, तशी आज मास मीडियाची डिग्री हलवून बघू.

चार लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही. बापाची सही मात्र घेते. शिकेपर्यंत आणि वर एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच. समजा त्याचे पाच लाख झाले. १० टक्क्यांनी, १० वर्षं, महिना ६,६०० रुपये. फिटेपर्यंत जवळजवळ आठ लाख! पहिली नोकरी समजा १५ हजारांची. उरले ८,४००. त्यात खोली, लोकल, आईचं औषध.

पुढं पगार वाढेल म्हणता? कुणाचा? २०१९ साली ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्रीनं इंग्रजी-हिंदी न्यूजरूममधल्या १२१ वरच्या खुर्च्या मोजल्या. १०६ सवर्णांच्या. दलित-आदिवासी एकही नाही.

शिकू नका, असं मेलो तरी म्हणणार नाही. पण आधी शिष्यवृत्ती, मग अनुदानित कॉलेज, कर्ज सगळ्यात शेवटी. आणि मागच्या पोरांना पगार किती मिळाला, ते लेखी मागा. माझ्या बहिणीनं विचारलं, तर तिला कॉलेजचा स्टुडिओ दाखवला. आकडा नाही दाखवला. फॉर्म घरी पडलाय, बापाची सही अजून व्हायचीय.