ज्याचें नुकसान झालें, त्याचें काय?

खून, दरोडा किंवा अत्याचार यांची बातमी आपण वर्तमानपत्रांत वाचतों, तेव्हां तिच्यांत आरोपीचें वर्णन असतें, तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा उल्लेख असतो, आणि पुढें खटला उभा राहिला म्हणजे वकिलांचे युक्तिवादही येतात. ज्या घरावर घाव पडला त्याला मात्र एखादें वाक्य मिळालें तर मिळालें. त्या घरांतील मिळवतें माणूस गेलें असेल तर पुढच्या महिन्याचें भाडें कोणीं भरलें, जखमीच्या औषधाला पैसा कोठून आला, मुलगी पुन्हां शाळेंत जाऊं लागली कीं नाहीं, याची विचारपूस कोणी करीत नाहीं. आज मला बोलावयाचें आहे तें या घराविषयीं. आणि बोलतांना माझ्या नजरेपुढें आपले नांदेड व लातूर हे दोन जिल्हे आहेत.

न्यायालयांतही या घराची स्थिति फारशी निराळी नव्हती. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यांत होता व कचेरीचा कारभार उर्दूंत चाले. फिर्याद, जबानी, मुद्देमाल हे शब्द तेव्हांही कानावर पडत, आजही पडतात. त्यांची एक गंमत पाहा. चोरीच्या मालालासुद्धां नांव आहे. पण ज्याचें नुकसान झालें त्याला, तो स्वतः तक्रार घेऊन आला तरच, फिर्यादी हें नांव मिळतें. तो इस्पितळांत बेशुद्ध पडून असला तर त्याला नांवच नाहीं! गुन्हा हा राज्याविरुद्ध, म्हणून खटला राज्य चालवितें. घाव सोसणारा केवळ साक्षीदार. ब्रिटिश हिंदुस्थानांतील १८९८ च्या फौजदारी संहितेंत एक सोय होती खरी. आरोपीस दंड झाला तर त्या रकमेंतून भरपाई देण्याचा हुकूम न्यायाधीशास करतां येई. पण त्यासाठीं आरोपी सांपडला पाहिजे, गुन्हा शाबीत झाला पाहिजे आणि दंड वसूल झाला पाहिजे. इतकीं दारें ओलांडून पैसा घरापर्यंत पोंचणें कठीणच.

राज्यानें आपल्या तिजोरींतून अशी भरपाई द्यावी, ही कल्पना न्यूझीलंडनें १९६३ सालीं कायद्यांत आणली. संयुक्त राष्ट्रांनीं १९८५ मध्यें तत्संबंधीं जाहीरनामा काढला. आपल्याकडे २००८ सालीं संमत झालेली दुरुस्ती २००९ च्या अखेरीस अमलांत आली. तींत ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या झाली, मृताच्या वारसांनाही त्या व्याख्येंत जागा मिळाली, आणि प्रत्येक राज्यानें भरपाईची योजना करावी असें ठरलें. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता चालू झाली, तिनें ही तरतूद कायम ठेवली आहे.

आतां जी गोष्ट सुशिक्षित घरांतूनही ठाऊक नसते, ती सांगतों. या भरपाईसाठीं आरोपीला शिक्षा होण्याची वाट पाहावी लागत नाहीं. आरोपी सांपडलाच नाहीं, त्याची ओळखच पटली नाहीं, खटला उभाच राहिला नाहीं, तरीही पीडितास किंवा त्याच्या आश्रितांस अर्ज करतां येतो. समजा, उदगीरकडे रात्रीं एखाद्या दुकानदारावर अज्ञात इसमांनीं वार केले व तो दगावला. त्याच्या पत्नीनें ‘आधीं मारेकरी सांपडूं दे’ म्हणून वर्षें काढण्याचें कारण नाहीं. अर्ज जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा. नांदेड आणि लातूर येथें हें प्राधिकरण जिल्हा न्यायालयापाशींच आहे, व तालुक्याच्या न्यायालयांतून त्याच्या समित्या आहेत. अर्ज आल्यावर दोन महिन्यांत चौकशी पुरी करावी, असें कायदा म्हणतो. तातडीच्या उपचारांसाठीं तर ठाण्याच्या प्रमुखाचा किंवा दंडाधिकाऱ्याचा दाखला पुरे होतो. वकील हवा असल्यास स्त्रिया, मुलें, अपंग व्यक्ति आणि अनुसूचित जाति-जमातींतील लोक यांना उत्पन्नाची अट न लावतां तो विनामूल्य मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. चौकशीसाठीं दूरध्वनीचा क्रमांक १५१०० आहे.

मात्र गैरसमज नको. ही योजना मुख्यतः जीवित, देह आणि अब्रू यांवर झालेल्या आघातांसाठीं आहे. घरफोडींत गेलेलें सोनें येथून भरून मिळत नाहीं. तें सोनें पोलिसांच्या हातीं लागलें असेल, तर मात्र निकालापर्यंत थांबावयास नको. न्यायालयाकडे अर्ज करून तें बंधपत्रावर ताब्यांत मागतां येतें. कित्येक घरचे दागिने केवळ कोणीं न मागितल्यामुळें मुद्देमालाच्या खोलींत पडून राहतात.

आपले हे दोन्ही जिल्हे सीमेवरचे. देगलूर, बिलोली, धर्माबाद यांना तेलंगण लागून. उदगीरहून बिदर जवळ. धांवत्या गाडींत गुन्हा घडला तर तो कोणाच्या हद्दींत, या वादांत पूर्वीं माणसाचा दिवस मोडे. आतां कोणत्याही ठाण्यानें फिर्याद शून्य क्रमांकानें नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवावी, असा दंडक आहे. नोंदविण्यास नकार मिळाल्यास मजकूर टपालानें जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे धाडावा; तेथेंही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावें. किनवट-माहूरच्या माणसाला नांदेड शंभराहून अधिक किलोमीटर पडतें, म्हणून ही टपालाची वाट मला मोलाची वाटते.

स्त्रिया व मुलें यांच्याविषयीं कायदा अधिक हळुवार झाला आहे. बलात्कार किंवा आम्लहल्ला झालेल्या व्यक्तीवर सरकारी वा खासगी, कोणत्याही इस्पितळानें तत्काळ व विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. ‘आधीं पोलिसांचा कागद आणा’ म्हणणें हा स्वतःच गुन्हा आहे. महाराष्ट्र सरकारची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ पासून आहे, आणि तिच्यांतील साहाय्य पुढें दहा लाख रुपयांपर्यंत वाढविण्यांत आलें. १८१ या क्रमांकावर स्त्रियांना, व १०९८ वर मुलांना साहाय्य मिळतें. लातुरांत परगांवाहून शिकावयास आलेलीं हजारों मुलें खोल्या घेऊन राहतात. त्यांच्या घरमालकांनीं व शिक्षकांनीं २०१२ चा बालसंरक्षणाचा कायदा अवश्य समजून घ्यावा. लैंगिक अत्याचार ठाऊक असूनही न कळविणाऱ्यास त्यांत शिक्षा आहे. मुलाची जबानी त्याच्या घरीं, शक्यतों स्त्री अधिकाऱ्यानें, गणवेश न घालतां घ्यावयाची असते. आणि मुलाचें नांव छापणें मना आहे.

जून २०२३ मध्यें नांदेडजवळ बोंढार हवेली येथें एका दलित तरुणाचा खून झाला, डॉ. आंबेडकरांची जयंती साजरी केल्याचा राग, हें कारण फिर्यादींत नोंदलें गेलें. अशा प्रकरणीं १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. त्याच्या नियमांत २०१६ च्या दुरुस्तीनें खुनाकरितां सव्वाआठ लाख रुपये ठरविले: निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्र न्यायालयांत गेल्यावर. निकालाशीं या रकमेचा संबंध नाहीं. पोराच्या आईची चूल निकालापर्यंत थांबत नाहीं, हें येथें कायद्यानें जाणलें आहे. तरी सगळें सुरळीत चालतें असें मी म्हणणार नाहीं. २०१३ सालीं महाराष्ट्रांतूनच गेलेला एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढें होता. पिकाची राखण करणारें जोडपें, वाटेनें जाणाऱ्यांवर भुंकलेलें कुत्रें, आणि त्यांतून लोखंडी नळीचा फटका बसून गेलेला शेतकरी! त्या निकालांत न्यायालयानें खालच्या न्यायालयांना बजावलें कीं, प्रत्येक फौजदारी खटल्यांत भरपाईचा विचार केलाच पाहिजे व त्याचीं कारणें लिहिलीं पाहिजेत. असें बजावावें लागलें, यांतच सारें आलें.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमि हादरली, तेव्हां आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील घरांनीं भाकऱ्या बांधून पाठविल्या. कोणाची जात अथवा चूक विचारली नाहीं. त्याच आळींत एका मुलीवर अत्याचार झाला कीं आपण खिडक्या लावून घेतों, आणि ‘ती तेथें गेलीच कशाला’ हा प्रश्न कुजबुजतों. माझी विनंती साधी आहे. ज्यांना लिहितां-वाचतां येतें, त्यांनीं अशा घरीं जाऊन अर्ज लिहून द्यावा, आणि एक दिवस बरोबर न्यायालयापर्यंत जावें. अंगावरचे कपडे धुण्याआधीं इस्पितळांत चलावें, हें सांगावयास शेजारणीच उपयोगी पडतात.

जातांना दोन कागद विसरूं नयेत. फिर्यादीची प्रत पीडितास विनामूल्य मिळते. ती त्याच दिवशीं मागावी. आणि तपास कोठवर आला हें पोलिसांनीं नव्वद दिवसांत पीडितास कळवावयाचें असतें. तें न कळविल्यास लेखी विचारावें, व त्या पत्राची पोंच घेऊन ठेवावी.