तापलेली मोटार

उन्हाळ्याच्या सुटींत सहकुटुंब निघालेली मोटार खंडाळ्याचा घाट चढूं लागते, आणि तापमापकाचा कांटा तांबड्या रेघेकडे झुकतो. अशा वेळीं प्रथम वातानुकूलन बंद करावें व उकाडा सोसून हीटर पुरा सोडावा. इंजिनाची कांहीं उष्णता त्या वाटेनें निघून जाते. तरीहि कांटा उतरला नाहीं, तर गाडी कडेला घेऊन इंजिन थांबवावें.

यापुढची घाई मात्र घातक ठरते. साधें पाणी समुद्रसपाटीवर १०० अंश सेल्सिअसला उकळतें. रेडिएटरच्या बंद झांकणाखालीं दाब वाढल्यामुळें तेथील द्रव सुमारें १२० अंशांपर्यंतहि उकळत नाहीं. झांकण काढतांच तो दाब नाहींसा होतो, द्रवाची एकदम वाफ उसळते, आणि उघडणाऱ्याचे हात व चेहरा भाजून निघतात. म्हणून निदान अर्धा तास थांबावें व इंजिन पुरतें निवल्यावरच, जाड फडकें घेऊन, झांकण हळूहळू सैल करावें. तापल्या इंजिनांत थंड पाणी ओतूं नये. धातूला तडा जाण्याचें भय असतें.

घरीं परतल्यावर कारण शोधावें. द्रव वारंवार कमी होत असेल, तर कोठें तरी गळती आहे. द्रव पुरेसा असून गर्दींत थांबतांच गाडी तापत असेल, तर पंखा व त्याचा फ्यूज तपासून घ्यावा. मुक्कामीं अर्धा तास उशिरा पोंचल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.