माशाच्या पोटातलं पाहा, मोजा, लिहून ठेवा
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

नाथसागराच्या काठी राहणाऱ्या, गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या, आठवडी बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या माझ्या बहिणींनो आणि मावश्यांनो, आज तुमच्याशीच बोलायचं आहे. ज्या मासळी विकत नाहीत, पण रविवारी घरी आणतात, त्यांनीही ऐकावं. गोष्ट दोघींच्याही कामाची आहे.

विषय ऐकून नाक मुरडू नका. विषय आहे माशाच्या अंगावरच्या उवा आणि पोटातले जंत. आणि हे जंत कोणत्या पाण्यात, कोणत्या माशात, किती आहेत याची पाहणी.

तुम्ही म्हणाल, ही पाहणी कशाला? सांगते. मोबाईलवर एक फोटो फिरतो. चिरलेला मासा, त्यातून निघालेला पांढरा जंत आणि खाली लिहिलेलं, 'मासे खाऊ नका'. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका फोटोपायी आमच्या गटातल्या बायांची दोन बाजारांची मासळी पडून राहिली. फोटो कुठला, मासा कोणत्या पाण्यातला, कोणालाच ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक विचारायचं, "बाई, तुमच्या माशात किडे नाहीत कशावरून?" आम्ही म्हणायचो, "आमचा माल चांगला आहे." पण चांगला आहे असं तर प्रत्येकजण म्हणतो. "या महिन्यात इतके मासे कापले, त्यातल्या इतक्यांच्या आतड्यात जंत निघाले आणि ते आतडं आम्ही काढून पुरतो," असं सांगता आलं असतं, तर बोलण्याला वजन आलं असतं. ते वजन कसं मिळवायचं, हेच आज पाहू.

आधी खाणाऱ्यांची भीती दूर करते. नदी-तलावातल्या माशात जंत असणं ही नवलाची गोष्ट नाही. रानातल्या जनावराच्या पोटात जसे असतात, तसेच माशाच्याही असतात. आपल्याकडच्या वाम, मरळ आणि मागूर माशांच्या आतड्यात पट्टकृमी सापडतात. पट्टकृमी म्हणजे फितीसारखा चपटा, पांढरट जंत. तो आतड्यात राहतो आणि मासा साफ करताना आतड्याबरोबरच निघून जातो. आपण मासा रस्सा करून, तळून, पूर्ण शिजवून खातो. आतपर्यंत शिजलेल्या माशात जंत जिवंत राहत नाही.

मग धोका कुठे असतो? कच्च्या माशात. थायलंडच्या ईशान्य भागात तळ्यातले छोटे मासे कच्चेच चिरून, मसाला लावून खाण्याची रीत आहे. त्या माशांच्या मांसातून यकृतकृमी माणसाच्या पित्तनळीत जातो, वर्षानुवर्षे तिथे राहतो आणि पुढे त्यातून कर्करोगही होतो. म्हणून एवढंच ध्यानात ठेवायचं की मासा काट्यापर्यंत शिजलेला हवा. आणि कच्चा मासा ज्या विळीवर कापला, ती धुतल्याशिवाय त्यावर काकडी-कांदा चिरायचा नाही.

आता पाहणी म्हणजे काय, ते सांगते. त्यासाठी एक जुनी आठवण जागी करू. तुमच्यातल्या वयस्कर मावश्यांना नारू आठवत असेल. पायाला फोड यायचा, फुटायचा आणि त्यातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत हळूहळू काडीला गुंडाळत बाहेर काढावा लागायचा. महिनाभर माणूस घरी बसायचा. पायऱ्यांच्या विहिरीतल्या, बारवांतल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव असतो. नारूचं पिल्लू त्याच्या पोटात असायचं आणि ते पाणी पिणाऱ्याला नारू व्हायचा. महाराष्ट्रातही नारू होता. आपल्या देशातला शेवटचा रोगी 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं मान्य केलं.

नारूवर लस नव्हती, जंत मारणारं औषधही नव्हतं. मग तो गेला कसा? पाणी गाळून प्यायला शिकवलं, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, हातपंप बसवले, पाण्यात औषध टाकून सायक्लॉप्स मारले. पण हे कुठे करायचं, ते कळलं घरोघर फिरून शोध घेतल्यामुळे. कोणत्या गावात किती रोगी, कोणत्या विहिरीचं पाणी पिणारे, असं सगळं लिहिलं गेलं. आणि जिथे एकही रोगी सापडला नाही, तिथे शून्य लिहिलं गेलं. त्या शून्यावरच तर देश नारूमुक्त ठरला. पाहणी म्हणजे हेच. आहे तेही लिहायचं, नाही तेही लिहायचं.

माशातले जंतही असेच एकाकडून दुसऱ्याकडे जात असतात, आणि गंमत म्हणजे त्यातही हाच सायक्लॉप्स आहे. वाम आणि मरळ यांच्या आतड्यात सेंगा नावाचा पट्टकृमी असतो. त्याची अंडी माशाच्या विष्ठेबरोबर पाण्यात पडतात. त्यातून निघालेलं पिल्लू सायक्लॉप्ससारखा बारीक जीव गिळतो. त्याला मासा खातो आणि जंत पुन्हा माशाच्या पोटात पोहोचतो. मागूर मात्र तळाशी चरतो. गाळातले लाल, बारीक किडे हे त्याचं खाणं. त्याचा पट्टकृमी त्या किड्यांमधून येतो. कधी कधी माशाच्या मांसात किंवा कल्ल्याजवळ पिवळी गाठ दिसते. ती फोडली की आत बारीक पिवळा किडा असतो. त्याचं मूळ घर बगळ्याच्या घशात. बगळ्याकडून अंडी पाण्यात, तिथून गोगलगायीत, गोगलगायीतून माशात आणि तो मासा बगळ्यानं खाल्ला की पुन्हा घशात. नाथसागर 1986 पासून पक्ष्यांचं अभयारण्य आहे, दरवर्षी दूरदूरचे पक्षी इथे येतात. जिथे पाणी, पक्षी, गोगलगायी आणि मासे एकत्र, तिथे असे किडे असणारच.

म्हणजे माशाच्या पोटातला जंत आपल्याला काही सांगत असतो. मासा काय खातो, कुठे चरतो, पाण्यात काय आहे. म्हणूनच शिकलेली माणसं या कामात आयुष्य घालवतात. आपल्या मराठवाडा विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आणि विद्यार्थी कित्येक वर्षं गोदावरीच्या खोऱ्यातले मासे तपासत आले आहेत. त्यांनी शोधलेल्या पट्टकृमींना आपल्याच गावांची नावं मिळाली. सेंगा गोदावरी आहे, सेंगा पैठणेन्सिस आहे. आपल्या गावाचं नाव एका जंताला, हसू येतं ना? पण जगभरच्या पुस्तकांत ते नोंदलं गेलं. पुढच्या अभ्यासकांनी मात्र यातल्या बऱ्याच नावांबद्दल शंका घेतली. एकाच जातीला वेगवेगळी नावं पडली असावीत, असं त्यांचं म्हणणं. ते भांडण सूक्ष्मदर्शकाखाली मिटेल. आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचं की नाव देणं हे एक काम आहे आणि मोजणं हे दुसरं. मोजण्यासाठी पुष्कळ मासे पाहावे लागतात, वर्षभर पाहावे लागतात. आणि बायांनो, माशांची पोटं आपल्याइतकी कोण पाहतं? विद्यापीठातला मुलगा महिन्यात दहा-वीस मासे उघडेल, आपली मावशी एका बाजारात तेवढे साफ करते.

म्हणून गटातल्या प्रत्येकीनं एक वही करावी. बचतीची वही आपण ठेवतोच, ही दुसरी. त्यात तारीख, मासा कोणत्या पाण्यातला, माशाची जात, लांबी किती वीत-बोटं, आणि काय दिसलं, एवढे रकाने. जिला लिहिता येत नाही, तिनं रेघा ओढाव्यात, शाळेत जाणारी मुलगी संध्याकाळी आकडा मांडेल.

पाहायचं कसं? आधी अंगावर पाहा. रोहू, कटला यांच्या खवल्यांवर, परांच्या बुडाशी चपटी, गोल, पारदर्शक टिकली सरकताना दिसली तर ती माशाची ऊ. अंगातून दोऱ्यासारखं काही बाहेर लोंबत असेल तर तो दुसरा किडा, त्याचं डोकं मांसात रुतलेलं असतं. मग कल्ले उघडून पाहा, लालभडक आहेत की फिके, त्यावर काही चिकटलंय का. शेवटी आतडं लांबीत चिरून पाण्यात धरा. जंत असेल तर पाण्यात पसरतो. मासा ताजा असतानाच पाहायचं. मासा मेला की उवा अंग सोडून जातात आणि जंतही लवकर सडतात.

आता दोन नियम, ते मोडले तर वही वाया गेली समजा. पहिला, निवडून पाहायचं नाही. रोगट दिसतो तेवढाच मासा उघडला तर सगळं पाणीच रोगट वाटेल. पाटीतले पहिले दहा म्हणजे पहिले दहाच. दुसरा, काही निघालं नाही तर शून्य लिहायचं, रकाना कोरा ठेवायचा नाही. कोरा म्हणजे पाहिलंच नाही, शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं.

महिन्याअखेर हिशोब सोपा आहे. समजा, 20 वाम उघडले. 8 माशांत जंत निघाले. म्हणजे शंभरात 40 माशांत जंत. त्या 8 माशांत मिळून 24 जंत निघाले, तर जंत असलेल्या एका माशात सरासरी 3. हे दोन्ही आकडे हवेत. पुष्कळ माशांत एक-एक जंत असणं वेगळं आणि थोड्या माशांत गच्च भरलेले असणं वेगळं. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा, तिन्ही ऋतूंत हे केलं की आपल्या पाण्याचं खरं चित्र दिसू लागतं.

ज्या गटांनी गावतळं किंवा शेततळं घेऊन मासे सोडले आहेत, त्यांच्यासाठी तर ही वही म्हणजे पैसाच. उवा वाढल्या की मासा अंग घासत फिरतो, खाणं सोडतो, वजन धरत नाही. ऊ आपली अंडी दगडावर, लाकडावर ओळीनं चिकटवते. म्हणून तळ्यात बांबू आणि फळ्या उभ्या ठेवायच्या, आठवड्याला बाहेर काढायच्या, कडक उन्हात वाळवायच्या आणि खरवडून पुन्हा ठेवायच्या. अंडी मरतात. याला फार खर्च नाही.

पण एक गोष्ट हात जोडून सांगते. कोणी सांगितलं म्हणून कपाशीवर फवारायचं औषध तळ्यात ओतू नका. जंताच्या माणसांच्या गोळ्या खाद्यात मिसळू नका. किडा कोणता, किती माशांत, हे ठाऊक नसताना टाकलेलं औषध मासाही मारतं आणि पाणीही नासवतं. नाथसागराचं पाणी छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याची माणसं पितात, हे विसरू नका. बाहेरून मत्स्यबीज आणलं तर सोडण्याआधी दहा-वीस पिल्लं नीट पाहा. गवत्या मासा जसजसा पूर्व आशियातून देशोदेशी नेला गेला, तसतसा त्याच्याबरोबर त्याचा पट्टकृमीही जगभर पोहोचला. बीजाबरोबर काय येतं, ते असं. आणि मासे साफ केल्यावर आतडी पुन्हा पाण्यात फेकू नका, कुत्र्या-मांजरांनाही कच्ची घालू नका. खड्डा करून पुरा. ती पाण्यात टाकणं म्हणजे जंताची अंडी आपल्या हातानं पेरणं.

वहीत आकडा एकदम वाढलेला दिसला, मासे पटापट मरू लागले, तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात वही घेऊनच जा. नुसतं "मासे मरतात साहेब" म्हणण्यापेक्षा वही दाखवलेली बरी. मासा न्यायचा तर बर्फात घालून त्याच दिवशी न्या. केंद्र सरकारनं 2013 पासून जलचरांच्या रोगांवर देखरेखीचा कार्यक्रम चालवला आहे, आणि 2023 पासून 'रिपोर्ट फिश डिसीज' नावाचं मोबाईल ॲपही आहे. त्यात फोटो आणि माहिती पाठवता येते. गटातल्या एकीच्या मोबाईलवर ते घ्या.

बायांनो, मासे साफ करण्याच्या कामाला कोणी हुशारीचं काम म्हणत नाही. हाताला वास येतो, म्हणून कोणी शेजारीही बसत नाही. पण पाण्यात काय चाललंय, हे सगळ्यात आधी त्याच हातांना कळतं. कळलेलं लिहून ठेवलं नाही तर ते विळीबरोबर धुऊन जातं. येत्या बाजारापासून सुरुवात करा. पाटीतले पहिले दहा मासे, एक वही, एक पेन्सिल. महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की ही वहीही मोठ्यानं वाचा. मग पुढच्या वेळी मोबाईलवर फोटो फिरला आणि कोणी विचारलं, "बाई, तुमच्या माशात किडे नाहीत कशावरून?", तर वही उघडून समोर ठेवा.