एक महिना, दोन भाऊ आणि एक पाटी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सांस्कृतिक समितीने मला दहा मिनिटे दिली आहेत. विषय तुमचा तुम्ही ठरवा म्हणाले. सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास आधीच्या वक्त्यांनी सांगितलाच आहे. बोअरवेल, लिफ्ट, कन्व्हेयन्स, रंगकाम, सगळं आलं त्यात. म्हणून मी फक्त एका महिन्याबद्दल बोलणार आहे. २०२४ चा मे महिना. त्या महिन्यात आमच्या घरी दोन भाऊ राहायला होते. एक नऊ वर्षांचा, दुसरा सहा. माझे नातू. नावं घेत नाही, कारण या भाषणाचा व्हिडिओ ते बघणार आहेत. थोरला आणि धाकटा असंच म्हणतो.

आमची लेक कुटुंबासह बंगळूरला असते. तिला ऑफिसने महिनाभर जर्मनीला पाठवलं, आणि जावईबापूंची नोकरी पाळ्यांची. शाळेला सुट्टी. तेव्हा सौ. म्हणाली, "द्या दोघांना इकडे पाठवून." तिने हे फोनवर सांगितलं आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघितलं. घरात आम्ही दोघंच. दुपारी दोन ते चार दारावरची बेल वाजलेली मला चालत नाही, हे निम्म्या सोसायटीला माहीत आहे.

एप्रिलच्या २८ तारखेला मंडळी आली. दुसऱ्याच दिवशी दूध एक लिटरचं दोन लिटर झालं. मी बँकेतला माणूस, अजूनही रोजचा खर्च वहीत लिहितो. त्या महिन्याचं पान आता वाचलं तर गंमत वाटते. सेलोटेप, पेन्सिल सेल, सायकलचं पंक्चर, पुन्हा सेलोटेप, आणि आंबे, आंबे, आंबे.

आंब्यावरून पहिलं भांडण झालं. फोडी वाटायला सौ.चा जुना नियम आहे, एकाने वाटणी करायची आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. थोरला इतकं मोजून वाटायचा की आमच्या कॅशियरने शिकावं. पण कोय एकच, तिची वाटणी होत नाही! शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका दिवसाखाली 'थो' आणि दुसऱ्या दिवसाखाली 'धा' असं लिहिलं. ते कॅलेंडर अजून आमच्याकडे आहे. मेच्या पानावर एकादशी, संकष्टी आणि 'थो-धा'.

भांडायला त्यांना कारण लागायचं नाही. रिक्षात कडेला कोण, आंघोळीला आधी कोण, लिफ्टचं बटण कोण दाबणार. धाकट्याला राग आला की तो "बेडा, बेडा" म्हणून ओरडायचा. हे 'बेडा' काय आहे ते मला दोन दिवस कळेना. मग थोरल्याने सांगितलं, "आजोबा, कानडीत 'नको'." पुढे मीही गवारीच्या भाजीला बेडा म्हणायला लागलो. सौ.ला ते आवडलं नाही.

एक दिवस पर्वतीला गेलो. माझे गुडघे दुखतात, म्हणून मी आणि सौ. खालीच बसलो. दोघं शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाबरोबर पायऱ्या मोजत वर गेले. खाली आल्यावर थोरला म्हणाला १०३, धाकटा म्हणाला ९५. १०३ बरोबर आहेत, पण धाकट्याने ऐकलं नाही. "मी ज्यांच्यावर पाय ठेवला त्या ९५," म्हणाला. आता याला काय उत्तर देणार?

१३ मेला आपल्याकडे लोकसभेचं मतदान होतं. दोघांना घेऊन गेलो. बोटाला शाई लावून मिळावी म्हणून धाकट्याने बाहेर भोकाड पसरलं. घरी येऊन स्केचपेनने बोट रंगवलं आणि समोरच्या फ्लॅटमध्ये जाऊन दाखवून आला. मत कुणाला दिलं असं त्याला विचारलं, तर म्हणाला, "ते गुप्त असतं."

दिवस असे जायचे. संध्याकाळी मात्र वेगळं असायचं. तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. रात्री नऊला लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा तिच्या मागच्या खिडकीत ऊन दिसायचं. फोन झाल्यावर धाकटा गप्प व्हायचा. भिंतीकडे तोंड करून झोपायचा. पहिल्या आठवड्यात एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर थोरल्याने स्वतःची गादी ओढत आणून त्याच्या गादीला लावलेली. दिवसभर ज्याच्याशी कोयीवरून मारामारी, त्याचा हात धरून झोपला होता. सकाळी विचारलं तर म्हणे, "पंख्याचा वारा तिकडे येत नव्हता."

आता पाटीकडे येतो.

पार्किंगच्या भिंतीवर एक पाटी होती, ती जुन्या मंडळींना आठवत असेल. 'येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे. नियमभंग करणाऱ्यास रु. ५०० दंड. आदेशावरून, सचिव.' दोघं आले त्या दिवशीच थोरल्याने अक्षर अक्षर लावून ती वाचली. मग विचारलं, "आजोबा, सचिव कोण?" मी म्हटलं, "असतात एक." आणि विषय बदलला. २०११ मध्ये बँकेतून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी तुम्ही मला सचिव केलंत. ती पाटी माझी. मजकूर माझा, 'सक्त' हा शब्दही माझा.

पहिला आठवडा दोघं पाटीला घाबरून होते. मग इतर मुलांनी हाक मारली. एक टप्पा आउट, भिंतीला लागला तर दोन रन, बॉल गाड्यांखाली गेला तर बॅट्समन आउट आणि तो आणायचाही त्यानेच. मी गॅलरीतून बघत होतो. खाली जाऊन थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. उलट पुढच्या आठवड्यात एक टेनिस बॉल आणून दिला. वहीत नोंद आहे.

२१ तारखेला, मंगळवारी, संध्याकाळी काच फुटल्याचा आवाज आला. ए विंगच्या तळमजल्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघराची काच. मी खाली पोचलो तेव्हा दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे. कुणी फोडली विचारलं तर एकमेकांकडे बोट. माझ्यातला शाखाधिकारी जागा झाला. म्हटलं, "ज्याने फोडली त्याला रविवारी कात्रजचं प्राणिसंग्रहालय नाही. दुसऱ्याला मी घेऊन जाईन." पंधरा दिवस त्या वाघांची वाट बघत होते ते. धाकटा रडत म्हणाला, "मी फोडली." मग थोरला म्हणाला, "बॉल मी फास्ट टाकला होता. तो नाही येणार तर मी पण नाही."

मी काही बोलणार तेवढ्यात बघतो तर बी विंगमधला एक तरुण मुलगा खाली वाकून काचा गोळा करत होता. लहान मुलांच्या पायात जातील म्हणून. वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने त्या बाजूला ठेवल्या, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "काका, पाचशे भरावे लागतील ना?"

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण मला ते लागलं. कारण सोसायटीच्या दप्तरात त्या नियमाखाली पाचशे रुपये भरल्याची एकच पावती आहे. २०१२ ची. ती त्याच्या वडिलांच्या नावाची आहे.

तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याच्या चेंडूने एका सभासदाच्या गाडीचा आरसा फुटला. वडिलांनी त्याच दिवशी आरशाचे पैसे दिले, दिलगिरी व्यक्त केली. गाडीवाल्यांची तक्रार उरली नव्हती. तरी मी लेटरहेडवर पत्र लिहून दंड मागितला, आणि पुन्हा असं घडल्यास उपविधींनुसार कारवाई होईल असं शेवटी लिहिलं. त्यांचा छोटा छापखाना होता, ते दिवस ओढाताणीचे होते. ते ऑफिसमध्ये आले, पैसे मोजून दिले, पावती घेतली आणि म्हणाले, "नियम आहे तर भरायलाच हवेत." त्यानंतर तो मुलगा खाली खेळायला आला नाही. जिन्यात मी दिसलो की बाजूला होऊन भिंतीला टेकून उभा राहायचा. मी सौ.ला सांगायचो, बघ, कशी शिस्त लागली. भीतीला मी शिस्त समजत होतो, मित्रहो. हे मला बारा वर्षांनी कळलं, आणि तेही माझे स्वतःचे दोन नातू माझ्यापुढे तसेच भिंतीला टेकून उभे राहिले तेव्हा.

काच दुसऱ्या दिवशी बसवून दिली. वहिनींनी दोघांच्या हातावर लाडू ठेवले, माझ्या नाही. मग ऑफिसात जाऊन पाचशे रुपये भरले. खजिनदार म्हणाले, "काका, कशाला? तो नियम आता कुणी पाळत नाही." मी म्हटलं, नियम रद्द झाल्याचा ठराव दाखवा. तो नव्हता. पावती घेतली. दप्तरात आता तशा दोन पावत्या आहेत. रविवारी दोघंही कात्रजला गेले. वाघ झोपलेला होता, त्यावरून परतीच्या वाटेवर त्यांनी मला दोष दिला.

२९ मेला मंडळी गेली. घर आवरायला सौ.ला दोन तास लागले. शांतता परत मिळाली, दुपारची झोपही. चार दिवस ती काही लागली नाही.

सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला. सर्वांनाच तो पटला असं नाही. गाड्यांचं काय, आजारी माणसांचं काय, हे प्रश्न योग्यच होते. तासभर वाद झाला. शेवटी तडजोड झाली. मागची बाजू, फक्त टेनिस बॉल, परीक्षेच्या दिवसांत नाही. आता तिथे नवी पाटी आहे. 'मुलांची खेळण्याची वेळ सायंकाळी ५ ते ७.३०. वाहने सावकाश चालवा.' जुनी पाटी वॉचमनने पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यावर झाकण म्हणून ठेवली आहे. तिचा एवढा उपयोग मला कधी झाला नव्हता.

बँकेत दिवसअखेर मेळ बसला नाही की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्याला टाकतात. पण ती तिथे कायमची ठेवायची नसते. कधीतरी शोधून ज्याची त्याची परत करावी लागते. २०१२ चे ते पाचशे रुपये माझ्याकडे असे पडून आहेत. नियमाने घेतलेले, पावती दिलेले, तरी मेळ न बसलेले. ज्यांनी ते भरले ते गृहस्थ २०२१ मध्ये गेले. त्यांची माफी मागायची राहिली, ती आता राहिलीच. पण त्यांचा मुलगा आज इथे, साऊंडच्या टेबलाशी उभा आहे. बाळा, तू तेव्हा दहा वर्षांचा होतास आणि मी साठीचा. समजून घेण्याचं वय माझं होतं. मला माफ कर.

बालमित्रांनो, या मेमध्ये थोरला आणि धाकटा पुन्हा येणार आहेत. त्यांना संघात घ्या. धाकटा आउट झाला तरी बॅट सोडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. काच फुटली तर पळू नका, मला हाक मारा. फक्त दोन ते चारच्या दरम्यान नको.