छळाची फिर्याद : तोंडी, लेखी आणि मोबाईलवरची

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अत्याचार झाला की आपल्याकडे मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते, वर्तमानपत्रात फोटो येतो. हे सारे असावे, पण गुन्हा मात्र नोंदवलेला नसतो, किंवा अशा शब्दांत नोंदवलेला असतो की कोर्टात तो टिकत नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. हे आपल्या लेकरांना ठाऊक आहे. परंतु त्या तळ्याचा दिवाणी दावा मुंबई हायकोर्टात १९३७ साली निकाली निघाला, हे किती जणांना ठाऊक आहे? बाबासाहेबांनी पाण्याची ओंजळ घेतली, आणि दहा वर्षे कागदही सांभाळला. आज मी त्या कागदाविषयीच बोलणार आहे.

अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीने त्याचे कलम ३ बरेच विस्तारले. लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर अपमान करणे, जातीवरून शिवीगाळ करणे, हे गुन्हे आहेतच. शिवाय आपल्या समाजाला आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी, तोंडी वा अन्य मार्गाने अनादर करणे हाही गुन्हा आहे. जयंती जवळ आली की बाबासाहेबांची विटंबना करणारी चित्रे मोबाईलवर फिरू लागतात, त्यांना हे कलम लागू पडते. मात्र करणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असला पाहिजे. सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा आहे.

आता ‘लोकांच्या नजरेसमोर’ या शब्दांवर अनेक खटले पडतात, म्हणून थोडे थांबतो. चार भिंतींच्या आत, कोणी तिसरा हजर नसताना शिवी दिली तर ही कलमे लागत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उत्तराखंडच्या एका प्रकरणात सांगितले. पण इंटरनेटवर टाकलेला, कोणालाही पाहता येणारा व्हिडिओ लोकांच्या नजरेसमोरच आहे, असे केरळ हायकोर्टाने २०२२ मध्ये म्हटले. मग कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली शिवी आणि तुमच्या एकट्याच्या क्रमांकावर आलेली शिवी यांत फरक पडतो. दुसरीत ही दोन कलमे लावणे कठीण; पण धमकी असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१, आणि मुलीचा नको असताना पाठलाग चालला असेल, मग तो रस्त्यावर असो वा इंटरनेटवर, तर कलम ७८ आहे. खासगी चित्रे पसरवली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-ई व ६७-ए ही कलमे पाहावीत. त्याच कायद्यातील ६६-ए चे नाव घेऊ नका. ते २०१५ सालीच रद्द झाले आहे.

मजकूर आल्यावर आपली मुले पहिली चूक करतात ती संतापाने उलट शिवी देण्याची, आणि दुसरी ग्रुप सोडून जाण्याची. आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा क्रमांक, ग्रुपचे नाव आणि सभासदांची यादी दिसली पाहिजे. मजकुराचा पत्ता, म्हणजे लिंक, उतरवून ठेवा. ज्या मोबाईलवर तो आला तो विकू नका, पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. ग्रुपमधला दुसरा एखादा सभासद साक्षीला तयार आहे का, ते त्याच दिवशी विचारा. आठवड्याने त्याचा धीर सुटलेला असतो.

फिर्यादीत ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढेच लिहू नका. शब्द काय होते, ते जसेच्या तसे लिहा. लिहिताना हात थरथरतो, हे मी जाणतो. तरीही लिहा.

ठाण्यात बहुधा एन.सी. घेऊन बोळवण केली जाते. अत्याचाराचा गुन्हा दखलपात्र आहे, तेव्हा एफ.आय.आर.च मागा. हद्द आमची नाही, हे उत्तर १ जुलै २०२४ पासून, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, चालत नाही. ई-मेलने माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रत विनामूल्य मिळते. ‘आधी चौकशी करू’ असे म्हटले तर कलम १८-अ दाखवा. त्याची कथा मोठी आहे. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी (तारीख पाहा!) गुन्हा नोंदवण्यापूर्वी चौकशीची वाट मोकळी केली होती. २ एप्रिलला देश बंद झाला, माणसे मेली, आणि ऑगस्टमध्ये संसदेने हे कलम घातले. ते कलम माणसांच्या जिवावर आलेले आहे. अटकपूर्व जामिनाची तरतूदही या गुन्ह्यांना लागू नाही, आणि तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याकडे देता येत नाही. तरीही नोंदले नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा, पोच जपून ठेवा, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. सायबर पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफ.आय.आर. नव्हे, आणि १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. अत्याचारासाठी राष्ट्रीय हेल्पलाईन १४५६६ आहे.

वसतिगृहातील मुलांसाठी एक गोष्ट. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे, आणि तथ्य दिसल्यास मुलाला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे धाडली पाहिजे. त्याने दुर्लक्ष केले तर तोच साथीदार ठरतो. म्हणून तोंडी सांगू नका.

शेवटी आपल्या घरातला प्रश्न. ठाण्यात जात विचारली की आपण ताठ मानेने ‘बौद्ध’ सांगतो. ते योग्यच आहे. पण कायदा अनुसूचित जातीचा पुरावा मागतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा त्या आदेशात समावेश झाला, तरी यादीत नाव मूळ जातीचेच आहे. नुसता धर्म लिहिला तर आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवील. जी जात आपण १९५६ साली टाकली ती लिहिणे अनेकांना अपमानास्पद वाटते, आणि मी त्यांना दोष देत नाही. माझे मत एवढेच की, दीक्षेने टाकलेली जात आरोपीने टाकलेली नाही; त्याने त्याच जातीवरून शिवी दिली. तेव्हा दाखला काढून ठेवा. गुन्हा घडल्यावर तहसीलच्या खेपा घालण्यात महिने जातात. ज्या विद्यार्थ्यांकडे तो नाही त्यांनी आज जाण्यापूर्वी संस्थेच्या कार्यकर्त्यांकडे नावे द्यावीत, आणि नोकरीतल्या सभासदांपैकी कोण त्यांच्यासोबत कार्यालयात जाईल तेही इथेच ठरवावे. जयभीम! नमो बुद्धाय!