विजेची मोटार आणि गल्लीचे भाडे

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासदांपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनी बोलायला उभी राहणाऱ्या बाईने मंडळाचे कौतुक करावे, अशी रीत आहे. ते कौतुक माझ्या मनात पुष्कळ आहे. परंतु आज मी थोडी तक्रार करणार आहे, आणि तीही स्वतःविरुद्ध.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी माझी नवी विजेची मोटार घेऊन आले होते. हिरवी पाटी, आवाज नाही, धूर नाही! मोठ्या ऐटीत ती मी मंडळाच्या दाराशीच उभी केली. थोड्या वेळाने आपल्या एक वयोवृद्ध सभासद ई-रिक्षाने आल्या. गल्लीत एका बाजूला फळ्या लादलेला हातगाडा, दुसऱ्या बाजूला माझी मोटार. रिक्षा आत येईना. आजी काठी टेकीत कोपऱ्यापासून चालत आल्या. मी धावत जाऊन हात दिला आणि म्हटले, "आजी, माझी गाडी विजेची आहे, धूर नाही करत." त्या म्हणाल्या, "धूर नाही करत बाई, पण जागा तर तेवढीच अडवते ना!"

त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. परंतु आता कार्यकारिणीने एक ठराव मांडला आहे. कार्यक्रमाच्या दिवशी मंडळापुढच्या गल्लीत मोटार उभी करणारीने पन्नास रुपये मंडळाच्या निधीत द्यावे, आणि विजेच्या मोटारीला ते माफ असावे. ही माफी मिळणाऱ्यांत मी पहिली. म्हणूनच तिच्याविषयी मीच बोलले पाहिजे.

हा प्रश्न केवळ लकडगंजचा नाही. शहराच्या गर्दीच्या भागात मोटार आणणाऱ्याकडून पैसे घ्यायचे, ही पद्धत सिंगापुरात १९७५ साली सुरू झाली. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ पासून ती घेतली; तेव्हा दिवसाचे पाच पौंड पडत. विजेच्या गाड्यांना तेथे पहिल्यापासून पूर्ण माफी होती, आणि तेव्हा ते योग्यच होते. अशा गाड्या थोड्या होत्या. लोकांनी त्या घ्याव्या म्हणून काहीतरी गोडी लावणे भाग होते.

पुढे काय झाले ते पाहा. माफीच्या दारातून विजेबरोबर पेट्रोलवर चालणाऱ्या मिश्र गाड्या आत आल्या, मग कमी धुराच्या छोट्या डिझेल गाड्याही आल्या. २०१३ साली नियम कडक करावे लागले, २०२१ पासून माफी केवळ पूर्ण विजेच्या आणि हायड्रोजनच्या गाड्यांपुरती उरली. पण माफी घेणाऱ्या गाड्यांची नोंद वाढत वाढत लाखाच्या पुढे गेली. धूर कमी, पण रस्ता पुन्हा तुंबायला लागला! शेवटी २५ डिसेंबर २०२५ रोजी पूर्ण माफी संपली. २ जानेवारी २०२६ पासून दर अठरा पौंड झाला. आपोआप पैसे भरण्याची नोंदणी केलेल्या विजेच्या मोटारीला त्यात चौथाई सूट, म्हणजे साडेतेरा पौंड. मालवाहू विजेच्या गाडीला निम्मी सूट. मार्च २०३० पासून या सवलतीही निम्म्या व्हायच्या आहेत. स्वीडनच्या स्टॉकहोममध्येही असेच घडले. तेथे हे शुल्क २००७ साली कायम झाले, आणि नव्या स्वच्छ गाड्यांची माफी २००९ सालीच थांबवली गेली.

यातून मला एक गोष्ट उमगली. धूर आणि गर्दी हे दोन वेगळे रोग आहेत, त्यांना औषधही वेगळे हवे. लंडनने धुराचा दंड वेगळा ठेवला. जुन्या, धूर ओकणाऱ्या गाडीला एप्रिल २०१९ पासून दिवसाचे साडेबारा पौंड. हा दंड गरिबाच्या माथी बसतो अशी ओरड झाली, तेव्हा जुनी गाडी मोडीत काढणाऱ्यांना मदतही द्यावी लागली. कारण नवी विजेची मोटार घेणे ऐपतीचे काम आहे. ज्याची ऐपत त्याला माफी आणि ज्याचे जुने वाहन त्याला दंड, असे झाले तर न्याय कोठे राहिला?

आपल्या राज्याच्या २०२५ च्या धोरणाने समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू येथे विजेच्या मोटारींना व बसगाड्यांना पथकर माफ केला आहे. त्याला माझी हरकत नाही. नागपूरहून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्ग सातशे किलोमीटरचा मोकळा रस्ता. तेथे माझी मोटार कोणा आजीची वाट अडवीत नाही. आपल्या गल्लीत मात्र अडवते. शिवाय माझ्या मोटारीचा धूर अजिबात नाही असेही म्हणता येत नाही. आपली वीज पुष्कळशी कोळशाचीच, आणि तो कोळसा कोराडी-खापरखेड्याला जळतो. एवढे खरे की तो धूर या गल्लीत होत नाही, आणि त्याबद्दल थोडी सूट मागायला मला संकोच नाही.

तेव्हा माझी दुरुस्ती अशी आहे. पन्नास रुपये सर्व मोटारींना असावे. विजेच्या मोटारीला दहा रुपये सूट द्यावी, पण ती पुढच्या वर्धापनदिनापर्यंतच. त्यानंतर तिचा पुन्हा विचार व्हावा. कारण एकदा दिलेली सवलत लोकांना हक्क वाटू लागते. ई-रिक्षाने, सायकलीने, स्कूटरने येणारीला काही पडू नये. ज्यांना चालवत नाही त्यांना दारापर्यंत सोडणाऱ्या कोणत्याही गाडीला, मग ती पेट्रोलची का असेना, मोकळी वाट आणि पूर्ण माफी असावी. जुन्या गाडीला वेगळा दंड नको; आपल्यात कोणी हौसेने जुनी गाडी वापरत नाही.

आणि जमणाऱ्या पैशांतून गल्लीच्या तोंडाशी एक बाक ठेवावा, म्हणजे रिक्षाची वाट पाहणाऱ्या सभासदांना टेकायला जागा होईल. सेंट्रल अव्हेन्यूवरून २०२२ च्या डिसेंबरपासून मेट्रो धावते आहे. टेलिफोन एक्सचेंजच्या स्थानकापासून ज्यांना चालवते त्यांनी मोटार घरीच ठेवली तर कोणालाच काही द्यावे लागणार नाही, आणि या ठरावाचे खरे यश तेच होईल.

ठराव मतास टाकण्यापूर्वी त्या आजींचे मत घ्यावे, अशी अध्यक्षीणबाईंना माझी विनंती आहे. संक्रांतीच्या दिवसाचे माझे पन्नास रुपये, सूट न घेता, मी खजिनदारताईंकडे दिले आहेत. माझी सूचना पटली नाही तर मोकळेपणाने विरोध करा. मंडळ आपले सर्वांचे आहे.