तेलापेक्षा पाणीच जास्त

मागच्या भागाखाली एकानं विचारलं होतं, "फ्रॅकिंगचं पाणी परत वापरतात म्हणे, मग प्रश्न मिटला ना?" आज त्यावरच बोलू.

चला पर्मियन बेसिनमध्ये. पश्चिम टेक्सास आणि शेजारच्या न्यू मेक्सिकोचा हा भाग, अमेरिकेतलं सगळ्यात मोठं तेलक्षेत्र. मुळात कोरडा, झुडपाळ प्रदेश. इथं एक आडवी विहीर फ्रॅक करायची, म्हणजे जोरदार दाबानं पाणी आणि वाळू घालून खडक फोडायचा, तर चार-पाच कोटी लिटर पाणी सहज लागतं.

गंमत पुढे आहे. तेल येतं तेव्हा सोबत पाणीही येतं. एका बॅरल तेलामागे तीन-चार बॅरल! त्यातलं बरंचसं आपण घातलेलं नसतंच, लाखो वर्षं खडकात अडकलेलं असतं. आणि खारट किती? समुद्राच्या एका लिटरात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, यात बऱ्याचदा 100 च्या वर. शिवाय तेलाचा अंश, अमोनिया, थोडं रेडियम.

इतकी वर्षं सोपा उपाय होता: दुसरी विहीर खणा, त्यात ढकलून द्या. पण जमिनीखाली दाब वाढला की जुन्या भेगा सरकतात. 16 नोव्हेंबर 2022 ला मेंटोन गावाजवळ 5.4 तीव्रतेचा भूकंप झाला. त्याआधी 2021 मध्येच मिडलंडजवळ खोलवर पाणी सोडणं थांबवायचा आदेश निघाला होता. आदेश कुणाचा? टेक्सासच्या रेलरोड कमिशनचा. हो, नाव रेल्वेचं, काम तेलाचं. आपल्याकडेच असली नावं असतात असं समजू नका.

म्हणून मग पुनर्वापर. पूर्वी फ्रॅकिंगला गोडंच पाणी हवं असायचं, कारण पाण्यात मिसळायची रसायनं खारात नीट चालत नसत. आता खार सोसणारी रसायनं आली. त्यामुळे क्षार काढतच नाहीत. गाळ, लोह आणि तेल काढायचं, जंतू मारायचे, अस्तर घातलेल्या मोठ्या तळ्यात साठवायचं आणि पुढच्या विहिरीत घालायचं. कपडे धुतलेल्या पाण्यानं आपण मोरी धुतो ना, तसं. त्यात वरण शिजवत नाही.

माझ्या मते हे चांगलंच आहे, तितकं गोडं पाणी वाचतं. पण हिशेब जुळत नाही. वर येणारं पाणी फ्रॅकिंगच्या गरजेपेक्षा जास्त आहे. उरलेल्याचं काय?

आता काही कंपन्या म्हणतात, शुद्ध करून पेकोस नदीत सोडू, शेतीला देऊ. कॅलिफोर्नियाच्या कर्न काउंटीत तेलक्षेत्राचं पाणी शेतीला देतात, पण ते मुळात फारसं खारट नाही आणि त्यात दुसरं पाणीही मिसळतात. पर्मियनचं पाणी इतकं खारट, की घरच्या आरओसारखी पद्धत तिथं हात टेकते. उकळून वाफ करावी लागते, म्हणजे प्रचंड ऊर्जा. आणि एका बॅरलमागे, म्हणजे 159 लिटरमागे, पंधरा किलोहून जास्त मीठ हातात उरतं. रोज लाखो बॅरल धरा.

ते मीठ ठेवायचं कुठं, हा प्रश्न मी त्या कंपन्यांना आधी विचारेन. नदीचं नंतर बोलू.

पुढच्या भागात भेटू, तोवर कमेंटमध्ये लिहा.